नोव्हेंबरची एकच सही

अमेरिकेतल्या बहुतेक निवडक विद्यापीठांचा लवकरचा अर्ज १ नोव्हेंबरला बंद होतो. महाराष्ट्रात हा दिवस दिवाळीच्या आगेमागे येतो. २०२४ साली तर लक्ष्मीपूजन आणि ही मुदत एकाच दिवशी होती. कनिष्ठ महाविद्यालयाला सुट्टी, प्राचार्य गावी, ऑफिसला कुलूप. आणि घरात बारावीतल्या मुलीचा किंवा मुलाचा निर्णय अजून लटकलेला: ब्राउन की कॉर्नेल? महिनाभर रोज रात्री जेवताना चर्चा झालेली असते, पण ती बहुतेकदा क्रमवारीवर आणि नावावर झालेली असते. ज्या गोष्टींवर हा निर्णय खरोखर ठरायला हवा, त्या शेवटच्या आठवड्यात समोर येतात.

अर्ली डिसिजन हा बांधील अर्ज आहे. तो एका वेळी एकाच विद्यापीठात करता येतो. विद्यार्थी, पालक आणि शाळेचा काउन्सेलर अशा तिघांनी करारावर सही करायची, डिसेंबरच्या मध्यावर निकाल पाहायचा, आणि प्रवेश मिळाला तर बाकीचे सगळे अर्ज मागे घेऊन तिथेच जायचं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्ड यांचा लवकरचा अर्ज वेगळा असतो. तिथे दुसरीकडे लवकर अर्ज करण्यावर बंधन असतं, पण प्रवेश मिळाल्यावर उत्तर द्यायला १ मेपर्यंत मुदत मिळते. हा फरक आपल्याकडे अनेक पालकांच्या लक्षातच येत नाही. 'लवकर अर्ज केला तर बरं' एवढंच कानावर पडलेलं असतं.

ही पद्धत कोणाच्या फायद्याची, यावर त्या विद्यापीठांतही जुना वाद आहे. येल आणि स्टॅनफर्डने २००२ मध्ये बांधील पद्धत सोडायचं जाहीर केलं. हार्वर्ड आणि प्रिन्स्टनने २००६ मध्ये लवकरचा अर्जच बंद केला, कारण माहिती आणि पैसा ज्यांच्याकडे आहे त्यांनाच त्याचा लाभ होतो असं त्यांचं म्हणणं होतं. २०११ मध्ये दोघांनीही तो पुन्हा सुरू केला. ब्राउन आणि कॉर्नेल बांधील पद्धतीवर कायम आहेत. दोन्ही आयव्ही लीग या आठ जुन्या, नामांकित खासगी विद्यापीठांच्या गटातली, दोघांचीही मुदत एकच, आणि आतून मात्र एकमेकांपासून इतकी वेगळी की या जोडीतून निवड करताना मुलाला स्वतःबद्दल बरंच काही ठरवावं लागतं. म्हणूनच उदाहरणाला हीच जोडी घेतली आहे.

पहिला प्रश्न पैशाचा. तो सगळ्यात शेवटी विचारला जातो, हे मला फार खटकतं. शिक्षण शुल्क, राहणं, जेवण आणि बाकीचा खर्च धरून दोन्हीकडचा आकडा आता वर्षाला ९० हजार डॉलरच्या वर आहे, म्हणजे पाऊण कोटी रुपयांहून अधिक, आणि तो दरवर्षी वाढतो. कॉर्नेलची काही महाविद्यालयं न्यूयॉर्क राज्याच्या मदतीवर चालतात: कृषी व जीवशास्त्र, ह्यूमन इकॉलॉजी, आणि औद्योगिक व कामगार संबंधांचं आयएलआर. तिथे शुल्क कमी असतं, पण फक्त न्यूयॉर्कच्या रहिवाशांना. न्यू जर्सीत, नदीपलीकडे एडिसनला राहणाऱ्या मराठी कुटुंबाला ती सवलत नाही. ते कुटुंब आणि पुण्यातलं कुटुंब शुल्काच्या बाबतीत एकाच रांगेत उभं असतं.

आर्थिक मदतीच्या बाबतीत मात्र दोन्ही विद्यापीठांत मोठा फरक आहे. २०२५ मध्ये प्रवेश घेणाऱ्या तुकडीपासून ब्राउनने परदेशी विद्यार्थ्यांसाठीही 'नीड ब्लाइंड' धोरण लागू केलं. म्हणजे मदत मागितली आहे की नाही, हे प्रवेशाचा निर्णय घेताना पाहिलं जात नाही. कॉर्नेल अमेरिकी नागरिकांसाठी असंच वागतं, पण परदेशी अर्जदाराच्या बाबतीत मदतीची गरज निर्णयात धरली जाते. निवड झाली तर मात्र गरज पूर्ण भागवली जाते. ज्या घराला भरीव मदतीशिवाय परवडणार नाही, त्या घरासाठी हा एक मुद्दा बाकी सगळ्या मुद्द्यांवर भारी आहे. आणखी एक बारकावा अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी: एच-४ व्हिसावरचं (म्हणजे आईवडिलांच्या एच-१बी या कामाच्या व्हिसावर अवलंबून असलेलं) मूल न्यू जर्सीच्या शाळेत पहिलीपासून शिकलेलं असलं, तरी मदतीच्या हिशेबात ते बहुतेक विद्यापीठांत परदेशीच धरलं जातं. शाळा अमेरिकी म्हणजे अर्जही अमेरिकी, हा समज महागात पडतो.

'गरज' किती, हे विद्यापीठ ठरवतं. आपल्याला किती परवडतं असं आपल्याला वाटतं, त्याच्याशी तो आकडा जुळेलच असं नाही. तो ठरवण्यासाठी सीएसएस प्रोफाइल नावाचा फॉर्म भरावा लागतो. पहिल्या विद्यापीठासाठी २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकासाठी १६. त्यात पगार, आयकर विवरणपत्र, बँकेतली शिल्लक, घर, जमीन, धंदा सगळं येतं. इथे महाराष्ट्रातल्या कुटुंबांची ठरावीक ठिकाणी गल्लत होते. वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावर पाच जणांची नावं असतात आणि फॉर्ममध्ये संपूर्ण जमिनीची किंमत टाकली जाते. टाकायचा असतो तो फक्त आईवडिलांचा हिस्सा. शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्यामुळे विवरणपत्रातल्या करपात्र उत्पन्नात ते धरलेलं नसतं आणि फॉर्ममध्ये मात्र येतं, मग दोन कागद एकमेकांशी जुळत नाहीत. अशा वेळी फॉर्मच्या शेवटी विशेष परिस्थिती सांगायला जी जागा असते, तिथे चार सरळ वाक्यांत खुलासा लिहावा: जमीन कुठे आहे, किती जणांच्या नावावर आहे, विकता का येत नाही, वर्षाला हातात किती पडतात. आजीच्या आजारपणाचा किंवा दुसऱ्या भावंडाच्या शिक्षणाचा खर्चही इथेच. मराठीतल्या कागदांची इंग्रजी भाषांतरं ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच करून ठेवावीत, कारण लवकरच्या अर्जासाठी हा फॉर्मही नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्याच्या आत लागतो.

विद्यापीठांच्या संकेतस्थळावर खर्चाचा अंदाज देणारे कॅल्क्युलेटर असतात. ते अमेरिकी कुटुंबांसाठी बनवलेले आहेत; रुपयातलं उत्पन्न डॉलरमध्ये बदलून टाकलं तर जो आकडा येतो, त्यावर भरवसा ठेवू नये. त्यापेक्षा 'कॉमन डेटा सेट' नावाचं दस्तऐवज शोधावं. बहुतेक विद्यापीठं ते दरवर्षी प्रसिद्ध करतात आणि विभागांचे क्रमांक सगळीकडे सारखेच असतात. एच-६ मध्ये किती परदेशी विद्यार्थ्यांना विद्यापीठाने स्वतःच्या पैशातून मदत दिली आणि सरासरी किती, हे लिहिलेलं असतं. बी-२ मध्ये एकूण परदेशी विद्यार्थी किती ते सापडतं. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागलं की शंभरातल्या किती परदेशी मुलांना मदत मिळते हे कळतं, आणि सरासरी रक्कम एकूण खर्चाशेजारी ठेवली की ती मदत नावापुरती आहे की खरोखरची, तेही कळतं. अर्ध्या तासाचं काम आहे. क्रमवारीच्या याद्या वाचण्यात जातात त्या संध्याकाळींपैकी एक इथे घालवावी.

मदत अपुरी आली तर करारातून मोकळं होता येतं. हे खरं आहे, पण त्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. आलेली मदत कुटुंबाला खरोखर पुरत नसेल, तर आधी पुनर्विचारासाठी अर्ज करायचा, आणि तरीही जमत नसेल तर नाही म्हणायचं. 'थांबलो असतो तर दुसरीकडे जास्त मिळालं असतं' हे कारण त्यात बसत नाही, कारण डिसेंबरमध्ये तुलना करायला हातात दुसरं पत्रच नसतं. कोर्टात खेचून कुणी करार पाळायला लावत नाही. तो टिकतो शाळेच्या विश्वासार्हतेवर. २०२५ मध्ये ट्युलेन विद्यापीठाने कोलोरॅडोतल्या एका शाळेच्या विद्यार्थ्यांना वर्षभर अर्ली डिसिजनची दारं बंद केली, कारण आदल्या वर्षी तिथल्या एका विद्यार्थ्याने शब्द मोडला होता. भुर्दंड पुढच्या मुलांना पडला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ही पद्धतच स्पर्धा मारणारी आहे असं म्हणत ३२ महाविद्यालयं आणि विद्यापीठांविरुद्ध फेडरल न्यायालयात दावा दाखल झाला. त्यात ब्राउन आणि कॉर्नेल दोन्ही आहेत. दाव्याचं काय व्हायचं ते होवो. ज्या कुटुंबाला दोन-तीन ठिकाणची मदत शेजारी ठेवून तुलना केल्याशिवाय निर्णय घेताच येणार नाही, त्याने बांधील अर्ज करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मग ब्राउन की कॉर्नेल हा प्रश्न उरत नाही. दोन्हीकडे जानेवारीत, नेहमीच्या फेरीत, अर्ज करावा आणि मार्चअखेरीस काय येतं ते पाहावं.

पैशाचा प्रश्न सुटला असेल, तर पुढचा प्रश्न शिक्षणाच्या घडणीचा, आणि खरी मजा इथे आहे.

ब्राउनमध्ये १९६९ पासून 'ओपन करिक्युलम' आहे. इरा मॅगझिनर आणि इलियट मॅक्सवेल या तिथल्याच विद्यार्थ्यांनी अहवाल लिहिला, चळवळ उभी केली आणि विद्यापीठाने सगळ्यांसाठी सक्तीचे विषय रद्द केले. आजही पदवीसाठी किमान ३० कोर्स लागतात, लेखनाची एक अट आहे, आणि निवडलेल्या मुख्य विषयाच्या अटी आहेत. त्यापलीकडे कुणी हे घ्या, ते घ्या म्हणत नाही. श्रेणी ए, बी, सी इतक्याच. डी नाही, अधिक-उणे नाही. कोर्समध्ये नापास झालं तर बाहेर पाठवल्या जाणाऱ्या गुणपत्रकावर त्याची नोंद होत नाही. हवा तो कोर्स श्रेणीऐवजी 'समाधानकारक' एवढ्यावर घेता येतो. सत्राच्या सुरुवातीच्या दोन आठवड्यांत वेगवेगळ्या वर्गांत बसून पाहायचं आणि मग ठरवायचं.

हे ऐकताना स्वर्ग वाटतो. पण ठरलेल्या अभ्यासक्रमात वाढलेलं मूल तिथे गेल्यावर काय करतं? पुष्कळदा कॉम्प्युटर, गणित, अर्थशास्त्र एवढंच घेत राहतं, कारण सक्ती नसेल तर ओळखीच्याच रस्त्याने जाणं सुरक्षित वाटतं. चार वर्षांनी त्याच्या हातात जी पदवी पडते, ती पुण्यातल्या चांगल्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या पदवीपेक्षा आतून फार वेगळी नसते, आणि त्यासाठी खर्च मात्र कितीतरी पट झालेला असतो. हे स्वातंत्र्य त्या मुलाला लाभतं, ज्याला आताच दोन न जुळणारे विषय एकाच वेळी ओढतात: जीवशास्त्र आणि शिल्पकला, संगणक आणि संस्कृत. ज्याला आपली कुतूहलं सांगता येतात आणि जो शिक्षकांच्या दारावर स्वतः जाऊन टकटक करतो. लाजऱ्या मुलाला ब्राउन वाईट असं नाही, पण तिथे वाट दाखवायला अभ्यासक्रमच नसतो, त्यामुळे स्वतःहून विचारण्याची सवय असावी लागते.

कॉर्नेलमध्ये अर्ज एका विशिष्ट महाविद्यालयाला करावा लागतो, आणि हा निर्णय 'कॉर्नेल' या नावाइतकाच मोठा असतो. इंजिनिअरिंगला गेलात तर पहिली दोन वर्षं बऱ्यापैकी आखलेली असतात: गणिताची मालिका, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, प्रोग्रॅमिंग, अभियांत्रिकीची ओळख करून देणारा एक कोर्स आणि लेखनाचे दोन सेमिनार. शाखा दुसऱ्या वर्षी पक्की होते आणि त्यासाठी ठरावीक कोर्समधल्या गुणांची अट असते. सहामाहीत दोन-दोन, तीन-तीन 'प्रिलिम' परीक्षा, त्या बऱ्याचदा संध्याकाळी. जेईईच्या तयारीतून आलेल्या मुलाला गणित-भौतिकशास्त्राचा पहिला टप्पा जड जात नाही. त्याला जड जातात ते लेखनाचे सेमिनार, जिथे दर पंधरवड्याला निबंध परत येतो आणि पुन्हा लिहावा लागतो. हे आधी माहीत असेल तर घाबरायचं कारण नाही. उलट, आखीव वेळापत्रकात ज्याचं डोकं जास्त चालतं, अशा मुलाला ही शिस्त मानवते.

संगणकशास्त्र कॉर्नेलमध्ये आर्ट्स अँड सायन्सेसमधूनही करता येतं आणि इंजिनिअरिंगमधूनही. मुख्य कोर्स तेच. बदलतं ते त्यांच्या भोवतीचं. एकीकडे भाषा, इतिहास, समाजशास्त्र यांच्या अटी, दुसरीकडे रसायन आणि भौतिकशास्त्र. ज्याला रसायनशास्त्राचा कंटाळा आहे त्याने इंजिनिअरिंगच्या नावासाठी तिकडे जाऊ नये. तीच गोष्ट जीवशास्त्राची: कृषी महाविद्यालय आणि आर्ट्स अँड सायन्सेस दोन्हीकडे जीवशास्त्राचा एकच सामाईक विषय आहे, तेच प्राध्यापक, त्याच प्रयोगशाळा. 'कृषी' हा शब्द ऐकून आपल्याकडचे पालक तोंड फिरवतात आणि मुलाचं खरं घर तिथेच निसटतं. विदर्भातल्या मातीवर, पाण्यावर, पिकांच्या रोगांवर ज्या मुलीने दोन वर्षं काही केलं आहे, तिच्यासाठी अमेरिकेत याहून योग्य जागा थोड्या.

याची उलट बाजूही आहे. 'कृषीला प्रवेश सोपा, मग आतून बदलून घेऊ' असा सल्ला देणारे भेटतात. तो मानू नये. अर्ज वाचतात ते त्या महाविद्यालयाचे लोक, आणि त्या महाविद्यालयाचा स्वतंत्र निबंध असतो. संगणकाच्या स्पर्धांनी भरलेल्या अर्जात शेतीवरचं प्रेम अचानक उगवलं तर ते त्यांना लगेच दिसतं. आतल्या आत महाविद्यालय बदलता येतं, पण त्यासाठी पुन्हा अर्ज, गुणांची अट आणि खात्री नाहीच.

डॉक्टर व्हायचं असेल तर ब्राउनचा पीएलएमई हा आठ वर्षांचा कार्यक्रम पाहावा. त्यात बारावीनंतरच वैद्यकीय शिक्षणाची जागा ठरते. अमेरिकेतली बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयं परदेशी विद्यार्थ्यांना घेतच नाहीत, त्यामुळे या एका दाराचं मोल भारतातल्या मुलासाठी फार आहे. अर्थात ते दार फारच अरुंद आहे.

गावाबद्दल थोडक्यात. ब्राउन प्रॉव्हिडन्स शहरात टेकडीवर, बॉस्टनपासून रेल्वेने तासाभरात. कॉर्नेल इथाकात, कायुगा सरोवराच्या वर, दऱ्या आणि धबधबे आवारातच, आणि न्यूयॉर्क बसने चार-पाच तासांवर. तिथला हिवाळा लांब आणि ढगाळ असतो. ब्राउनमध्ये पदवीपूर्व विद्यार्थी सात हजारांच्या आसपास, कॉर्नेलमध्ये त्याच्या दुपटीहून जास्त. मुंबईत वाढलेल्या मुलाला इथाकाचा एकांत आवडेल की खायला उठेल, हे ब्रोशरमधल्या ऑक्टोबरच्या लाल पानांवरून ठरवू नये. फेब्रुवारीतले फोटो शोधावेत.

आता शक्यतांचा हिशेब, ज्यासाठी लोक मुळात लवकर अर्ज करतात. ब्राउनने २०२९ मध्ये पदवी घेणाऱ्या तुकडीसाठी लवकरच्या ५,०४८ अर्जांतून ९०६ जणांना प्रवेश दिला, म्हणजे जवळपास १८ टक्के. त्या वर्षी एकूण ४२,७६५ अर्ज आले आणि २,४१८ जणांना प्रवेश मिळाला. वजाबाकी केली तर नेहमीच्या फेरीत सुमारे ३७,७०० अर्जांमागे १,५१२ प्रवेश, म्हणजे चार टक्के. साडेचारपट फरक! हे पाहून कुणीही म्हणेल, लवकरच करू.

पण त्या १८ टक्क्यांत कोण आहे ते पाहा. विद्यापीठाच्या संघांसाठी आधीच हेरलेले खेळाडू बहुतेक लवकरच्या फेरीतच येतात. माजी विद्यार्थ्यांची आणि कर्मचाऱ्यांची मुलं येतात. वर्षभर आधीपासून तयारी केलेल्या, सल्लागार असलेल्या शाळांतली मुलं येतात. त्यांना वगळलं तर ज्याची कुणाशी ओळख नाही, कुठला खेळ नाही, अशा नाशिकच्या मुलाची शक्यता १८ टक्के नसते. चारपेक्षा जास्त असते इतकंच म्हणता येईल. फायदा खरा आहे, कारण साधारण १,७०० जणांच्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक जागा डिसेंबरमध्येच भरलेल्या असतात आणि हो म्हटलेलं मूल नक्की येणार, हे विद्यापीठाला हवं असतं. पण तो फायदा काठावरच्या अर्जाला वर उचलतो. खूप खालच्या अर्जाला नाही. कॉर्नेल निकालाच्या दिवशी आकडे जाहीर करत नाही. त्यासाठी कॉमन डेटा सेटमधला सी-२१ हा भाग पाहावा. तिथे लवकरचे अर्ज आणि त्यातले प्रवेश दिलेले असतात. मात्र तो आकडा सगळ्या महाविद्यालयांचा मिळून असतो, आणि इंजिनिअरिंगचा अर्ज ह्यूमन इकॉलॉजीच्या टक्केवारीने मोजता येत नाही.

म्हणून कुठे टक्केवारी जास्त, यापेक्षा वेगळा प्रश्न विचारावा. एकीकडे लवकर अर्ज केला की दुसरीकडची शक्यता नेहमीच्या फेरीतली, म्हणजे फार थोडी उरते. ब्राउन निवडलं आणि डिसेंबरमध्ये नकार आला, तर कॉर्नेलही बहुधा गेलं असं धरून चालावं. मग कोणतं न मिळाल्याचं दुःख मोठं? आणि दोन्ही मिळाली, खर्चही सारखाच, तर १ मेला कुठे हो म्हणाल? या दोन प्रश्नांची उत्तरं एकच येत असतील तर निवड झाली. वेगळी येत असतील तर मुलाला अजून कुठेच बांधून घ्यायचं नाहीये, आणि तेही ऐकायला हवं.

याची एक व्यावहारिक परीक्षा आहे. सप्टेंबरमध्ये दोन्हीकडचे निबंध लिहायला घ्यावेत. ब्राउन अडीचशे शब्दांच्या आत विचारतं की ओपन करिक्युलममध्ये तुम्ही तुमची आवड कशी जोपासाल. कॉर्नेलच्या आर्ट्स अँड सायन्सेसचा निबंध ६५० शब्दांपर्यंत जातो. इंजिनिअरिंगला छोटे-छोटे बरेच प्रश्न असतात. दोन्ही लिहिले की एक निबंध भरून येतो, त्यात मुलाची स्वतःची उदाहरणं येतात. दुसऱ्यात विद्यापीठाच्या संकेतस्थळावरची वाक्यं फिरून येतात. वाचणाऱ्याला तो फरक लगेच कळतो, आणि आईबाबांनाही कळतो. क्रमवारीपेक्षा हा पुरावा जास्त भरवशाचा.

कागदपत्रांचं काम सोपं समजू नये. आपल्याकडे दहावीपर्यंत एक शाळा आणि अकरावी-बारावीला दुसरं कनिष्ठ महाविद्यालय. अमेरिकी विद्यापीठाला नववी ते बारावी अशी चार वर्षं हवी असतात, म्हणजे गुणपत्रकं दोन संस्थांकडून. कॉमन अॅपमध्ये, म्हणजे एकाच ठिकाणाहून अनेक विद्यापीठांना अर्ज करायच्या संकेतस्थळावर, काउन्सेलर म्हणून सध्याच्या महाविद्यालयातली व्यक्ती लागते. काउन्सेलरचं पद नसेल तर प्राचार्य किंवा उपप्राचार्य. स्कूल रिपोर्ट आणि अर्ली डिसिजनच्या करारावरची सही त्यांचीच. त्यांच्याकडे महाविद्यालयाचा ईमेल नसेल तर आधी तो तयार करून घ्यावा, आणि त्यांच्या शेजारी बसून एकदा लॉगिन करून दाखवावं. हे दसऱ्यापर्यंत झालं पाहिजे. शिफारसपत्रं अकरावी-बारावीच्या विषयशिक्षकांची हवीत; क्लासच्या सरांची चालत नाहीत. जी मुलं फक्त नावाला महाविद्यालयात आहेत आणि दिवसभर क्लासमध्ये असतात, त्यांची इथे अडचण होते, कारण त्यांना ओळखणारा एकही शिक्षक महाविद्यालयात नसतो.

दुसरा फटका अकरावीचा. 'अकरावीकडे कुणी पाहत नाही' हे आपल्याकडचं ब्रीदवाक्य. नोव्हेंबरमध्ये अर्ज जातो तेव्हा बारावीची बोर्डाची परीक्षा तीन महिने दूर असते, त्यामुळे समोर असतात ते अकरावीचे गुण आणि बारावीची पहिली चाचणी. अकरावीत पासष्ट टक्के घेऊन 'जेईईची तयारी चालू होती' असं सांगितलं तर ते सांगणं तिथे फार दूर जात नाही. सॅट किंवा एसीटी ही प्रवेशासाठीची परीक्षा आता दोन्ही ठिकाणी सक्तीची आहे: ब्राउनने २०२४ च्या अर्जांपासून, कॉर्नेलने २०२६ मध्ये प्रवेश घेणाऱ्यांपासून. ऑक्टोबरची परीक्षा ही शेवटची निर्धास्त तारीख; पुण्या-मुंबईतली केंद्रं लवकर भरतात, म्हणून नोंदणी उन्हाळ्यातच करावी. आणि कॉमन अॅपची मुदत अर्जदाराच्या स्थानिक वेळेप्रमाणे संपते. अमेरिकेत अजून दुपार आहे, या हिशेबाने साडेनऊ तास जास्त मिळतील असं मानू नये.

बांधील अर्ज करूनही इतर दरवाजे उघडे ठेवता येतात. ब्रिटन आणि भारतातली विद्यापीठं, अमेरिकेतली सरकारी विद्यापीठं यांना सहसा हरकत नसते. दुसऱ्या खासगी विद्यापीठात बांधील नसलेला लवकरचा अर्ज चालतो का, याचे नियम मात्र ठिकाणागणिक वेगळे आहेत. त्या वर्षीच्या प्रवेशपानावरचा मजकूर शब्द न् शब्द वाचूनच पुढे जावं. जानेवारीच्या अर्जांचे निबंध डिसेंबरच्या निकालाची वाट न पाहता लिहून ठेवावेत. नकार आलेल्या आठवड्यात आठ निबंध नव्याने लिहिणं कुणालाच चांगलं जमत नाही.

डिसेंबरमध्ये तीनपैकी एक उत्तर येतं: प्रवेश, नकार किंवा 'डीफर', म्हणजे निर्णय पुढे ढकललेला. 'डीफर' आलं तर करार संपलेला असतो; अर्ज नेहमीच्या फेरीत जातो आणि मूल पूर्ण मोकळं असतं. तेव्हा जानेवारीत एक छोटं पत्र पाठवावं, त्यात नवीन गुण, नवीन काम, आणि अजूनही यायचं आहे हे स्पष्ट वाक्यात. आठवड्याला एक ईमेल पाठवू नये. नकार आला तर काही विद्यापीठांचा दुसरा बांधील टप्पा उरतो: शिकागो, व्हॅन्डरबिल्ट, जॉन्स हॉपकिन्स, एमोरी, टफ्ट्स यांची त्याची मुदत जानेवारीच्या सुरुवातीला असते आणि निकाल फेब्रुवारीत. ब्राउन आणि कॉर्नेलकडे असा दुसरा टप्पा नाही. इथेही पैशाचा तोच हिशेब पुन्हा करावा, कारण करार तितकाच बांधील आहे आणि यातली बरीच विद्यापीठं परदेशी अर्जदाराची गरज निर्णयात धरतात.

आणि प्रवेश मिळाला तर? आधी मदतीचं पत्र आलं आहे का ते पाहावं आणि आकडे जुळतात याची खात्री करावी, मगच अनामत भरावी आणि बाकीचे अर्ज त्याच आठवड्यात मागे घ्यावेत. बारावीचा अभ्यास सोडू नये. फेब्रुवारीत काउन्सेलरने सहामाही अहवाल पाठवायचा असतो आणि बोर्डाचा निकाल लागल्यावर अंतिम गुणपत्रक; गुण एकदम घसरले तर विद्यापीठ खुलासा मागतं, आणि दिलेला प्रवेश काढून घ्यायचा हक्क त्याने पहिल्या पत्रातच स्वतःकडे राखून ठेवलेला असतो.